वजन किती उतरवायचं?

वजन उतरवायचं म्हणून माझ्याकडे कुणी आलं, की आहाराची चौकशी करण्याआधी मी एक प्रश्न विचारते : ‘किती उतरवायचंय?’ उत्तर बहुधा तयार असतं. बायका म्हणतात, लग्नात होते तेवढी. पुरुष म्हणतात, कॉलेजात होतो तेवढा. तरुण मुली एखाद्या नटीचं वजन सांगतात, ते कुठं वाचलं हे त्यांनाही आठवत नसतं. उरलेले लोक ‘उंचीतून शंभर वजा’ हा तोंडपाठ हिशेब करून आकडा देतात. काय खावं आणि किती चालावं यावर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आज मी बोलणार आहे ते फक्त या आकड्याबद्दल. कारण माझा अनुभव असा, की माणसं अर्ध्यावर सोडून देतात ती भुकेमुळे कमी आणि चुकीच्या आकड्यामुळे जास्त.

हे आकडे आले कुठून, ते आधी पाहू. शंभर वजा करण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर आहे. दवाखान्यांच्या भिंतींवर लागलेल्या ‘आदर्श वजना’च्या तक्त्यांचं मूळ अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीकडे जातं. आपले कोणते विमेदार जास्त जगतात, हे कंपनीला जाणून घ्यायचं होतं. १९४०च्या दशकात तिनं तक्ते काढले, १९५९ मध्ये आणि १९८३ मध्ये ते बदलले. म्हणजे तो ‘आदर्श’सुद्धा अधूनमधून हलत होता! आता सगळीकडे ‘बीएमआय’ आहे. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र १८३०च्या दशकातल्या अदॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाचं. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो ‘सरासरी माणूस’ शोधत होता. १९७२ मध्ये अॅन्सल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं त्याला आजचं नाव दिलं.

बीएमआय निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे २३च्या पुढं वजन जास्त धरतात आणि धोक्याची घंटा म्हणून ते योग्यच आहे. पण घंटा वाजली म्हणजे मुक्कामाचं ठिकाण कळलं असं होत नाही. याचा सगळ्यात सुंदर दाखला आपल्या पुण्याचा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र छापून आलं. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांना एकच मार्क देत होता आणि कातडीखाली हिशेब वेगळा होता.

आता एक उदाहरण सांगते. एकीचं नाही, अशा अनेकींचं मिळून आहे. पंचेचाळिशीच्या बाई, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. साखर नुकतीच हद्दीवर आलेली, गुडघे जिना चढताना बोलू लागलेले. त्यांना व्हायचं होतं ५५. तक्ताही तेच सांगत होता, शंभर वजा करूनही तेच येत होतं आणि लग्नातही त्या तेवढ्याच होत्या. तिन्ही साक्षीदार एकमतानं बोलल्यावर कुणाला शंका येणार? आठ महिन्यांत त्यांनी सात किलो उतरवले. साखर हद्दीच्या आत आली, गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. आणि त्यांनी येणं बंद केलं. फोन केला तर म्हणाल्या, ‘मॅडम, सत्तावीसपैकी सात. म्हणजे नापासच की!’ दोन वर्षांनी आल्या तेव्हा ८६ किलो होत्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सुरू झालेल्या होत्या. त्या सात किलोंनी त्यांचं काय काम केलं होतं, हे त्यांना कुणी पटवू शकलं नाही. त्यांच्या मनातला आकडा फार मोठ्यानं बोलत होता.

हे आपल्याकडचंच नाही बरं का. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये साठ स्थूल स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू होण्याआधीच त्यांनी बायकांना विचारलं : स्वप्नातलं वजन कोणतं, आनंद होईल असं कोणतं, चालवून घ्याल असं कोणतं आणि निराशा होईल असं कोणतं? पंचवीस किलो उतरले तर चालवून घेऊ, सतराच उतरले तर निराश होऊ, असं सरासरी उत्तर आलं. अठ्ठेचाळीस आठवड्यांच्या मेहनतीनंतर सरासरी सोळा किलो उतरले. सोळा किलो! कुठल्याही डॉक्टरला आनंद वाटावा असं हे यश. पण जवळजवळ निम्म्या जणी स्वतः ठरवलेल्या निराशेच्या वजनापर्यंतसुद्धा पोचल्या नव्हत्या.

मग किती पुरे? इथं एक दिलासा देणारी गोष्ट आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ज्यांना आहार-व्यायामाच्या गटात घातलं होतं, त्यांना ध्येय दिलं होतं वजनाच्या फक्त सात टक्के घटीचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं. सरासरी घट साडेपाच किलोंच्या आसपासच झाली, पण मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आलं. चेन्नईला झालेल्या अशाच अभ्यासाचे आकडे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथं तर वजन जवळपास हललंच नाही, तरी आहार आणि चालण्यानं मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला.

आपल्या ८२ किलोच्या बाईंना हे लावून पाहा. सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. त्यांनी सात उतरवले होते. माझ्या वहीत त्या पहिल्या वर्गात पास होत्या.

दुसरी बाजूही ऐकून घ्या. शरीर वजन सहजासहजी सोडत नाही. दहा टक्के वजन उतरलं की ते जास्त काटकसरीनं चालू लागतं. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा कमी ऊर्जेत भागवतं आणि भूक वाढवतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ऊर्जेची ही काटकसर १९९५ मध्ये मोजून दाखवली. त्यामुळं दोन पोळ्या कमी करून आणि संध्याकाळचं फरसाण बंद करून पहिले पाच किलो गेले, म्हणून पुढचे पाचही त्याच भावात जातील असं नाही. काटा एके ठिकाणी थांबतो. तेव्हा ‘तुम्ही चोरून खात असाल’ असं घरचे म्हणतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

म्हणून मी आकडा ठरवताना तक्ता बाजूला ठेवते आणि चौकशी करते. पंचविशीनंतर कुठलं वजन तुम्ही उपासतापास न करता सलग वर्षभर टिकवलं होतं? आई-वडील, बहीण-भाऊ कसे आहेत? सगळं घर भरल्या अंगाचं असेल तर तुम्ही वेताची काठी होणं कठीण. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न : वजन उतरवण्यासाठी जे करणार आहात, ते पाच वर्षांनी, पाहुणे घरात असताना, मुलाच्या दहावीच्या वर्षीसुद्धा कराल का? ‘तेवढ्यापुरतं करेन’ असं उत्तर आलं, तर येणारं वजनही तेवढ्यापुरतंच असतं. या साऱ्यावरून पहिला टप्पा ठरतो. तो बहुधा आजच्या वजनाच्या पाच ते दहा टक्क्यांत बसतो आणि त्याला सहा महिने देते. तिथं पोचल्यावर पुढचे सहा महिने खाली जायचं नाही, तिथंच उभं राहायचं. हे लोकांना अजिबात आवडत नाही, पण आग्रह धरते. उभं राहता आलं तर पुढचा टप्पा बोलू. ‘मे महिन्यात मुलीचं लग्न आहे’ हे मात्र ध्येय नव्हे, ती साडीच्या ब्लाउजची अडचण आहे. ती शिंप्याकडे सुटते.

२०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी आठवड्याला एकदा टोचायची इंजेक्शनं आली आहेत. ती डॉक्टरांचा विषय, आणि ज्यांना गरज आहे त्यांना त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण टिकवण्याचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे.

काट्याच्या जोडीला एक टेप ठेवा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची हद्द मानतात. माप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचं. पुरुषांनी कृपया पँटचा नंबर सांगू नये. वीस वर्षं नंबर चौतीसच असतो, कारण पट्टा दरवर्षी पोटाखाली सरकत जातो. वजन थांबलं तरी टेप आत येत असेल, तर काम चालू आहे.

काहींसाठी ध्येय शून्य किलो असतं. पन्नास किलोची, पाच फुटांहून उंच मुलगी पंचेचाळीस व्हायचं म्हणून येते, तेव्हा मी तिला आहाराचा कागद देत नाही, तिच्या आईला थोडा वेळ बसवून घेते. सत्तरीच्या आजी-आजोबांनी वजन उतरवायच्या मागं लागू नये. त्या वयात चरबीबरोबर स्नायू जातात आणि ते परत येणं अवघड असतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच आणि डाळ, दूध, अंडी वाढवून. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वजन उतरू लागताच डॉक्टरांना भेटावं, जुन्याच डोसावर साखर एकदम खाली जाऊ शकते.

शेवटी वजन करण्याबद्दल. पूर्वी रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रात नाणं टाकलं की तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. घरातल्या काट्यावर रोज चढून लोक आता तेच करतात. मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी किलो-दीड किलो असाच इकडे-तिकडे होतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर बघा. आणि एकच आकडा न लिहिता दोन किलोंचा पट्टा लिहा. माझ्याकडे येणारे एक निवृत्त गृहस्थ ८३ वरून सुरुवात करून ‘७४ ते ७६’ या पट्ट्यात तीन वर्षं आहेत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी आकडा लिहितात. पट्ट्याच्या वर गेला, तर त्या आठवड्यात रात्रीचा भात बंद आणि पर्वतीची एक फेरी जास्त, असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. मागच्या गणपतीच्या रविवारी तिथं लाल शाईत ७७.५ आहे. त्याखाली त्यांच्या पत्नीच्या अक्षरात ‘मोदक अकरा’ अशी नोंद आहे. त्याच्या पुढच्या रविवारी ७६.५ आणि नंतरच्या रविवारी, पुन्हा निळ्या शाईत, ७५.५.