लाटेवरच्या फळीचे पर



ज्या गावाहून समुद्र पाहावयाचा तर पाचशे किलोमीटर पश्चिमेस जावे लागते, त्या मंगरूळपीरच्या एका निवृत्त शाळामास्तराने लाटांवरून घसरण्याच्या फळीविषयी बोलावे, हे आपल्यापैकी पुष्कळांना विनोदाचे वाटेल. आमचा मुलूख काळ्या मातीचा. सोयाबीनच्या शेतावरून वारा फिरला म्हणजे जी लाट उठते, तेवढीच आमच्या परिचयाची. परंतु माझी कन्या पणजीस असते, आणि तिच्या चिरंजीवांस या फळीचा, म्हणजे सर्फबोर्डाचा, नाद लागला आहे. नातवाचा नाद आजोबांस लागावयास कितीसा वेळ लागतो?

या फळीच्या तळाशी, शेपटीच्या अंगास, माशाच्या परासारखी पाती बसविलेली असतात. त्यांना फिन म्हणतात. मी पर म्हणेन. बाणाच्या बुडाशी पिसे नसली तर तो जसा भरकटतो, तशी बिनपराची फळी लाटेच्या उतारावर आडवी घसरते. पूर्वी लोक मागे पाय पाण्यात ओढून ती कशीबशी वळवीत. १९३५ साली हवाई बेटांत टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने टाकून दिलेल्या मोटारबोटीच्या तळाची पट्टी काढून आपल्या फळीस लावून पाहिली, आणि फळी सरळ धावू लागली. पुढे १९८० साली सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन कारागिराने सारख्या मापाचे तीन पर बसविले व १९८१ मध्ये बेल्स बीच येथील स्पर्धा तशाच फळीवर जिंकली. तेव्हापासून बेलाच्या पानासारखी ही तीनांची मांडणी रूढ झाली ती आजतागायत.

तर आमच्या चिरंजीवांचा एक पर खडकावर आपटून मोडला. त्याने विचारले, “आबा, तुम्ही शाळेतल्या पोरांना संगणकावर भूमितीच्या आकृत्या काढून दाखवीत होता ना? मग मला पराची आकृती काढून द्या. लाकडाचा मी घासून करीन.” अशा आज्ञावल्या परदेशांतील हौशी मंडळींनी तयार करून विनामूल्य दिलेल्या आहेत. त्यांतील एखादी त्याला सुचविली असती तर काम भागले असते. पण वाढलेल्या ताटावर बसण्याने स्वयंपाक येत नाही, असे म्हणून मी स्वतःच लिहावयास बसलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम. पायथॉन ही संगणकाची भाषा उतारवयात पुस्तकावरून शिकलेली.

काम मुख्यत्वे दोन रेषांचे. पहिली बाह्याकृतीची. कागदावर चारसहा बिंदू मांडावयाचे व त्यांच्या ओढीने वाकणारी गुळगुळीत रेषा संगणकाने काढावयाची. ही युक्ती मोटारी बनविणाऱ्यांची. फ्रान्समध्ये रेनो कंपनीतील बेझिए यांचे नाव तिला मिळाले. सित्रोएन कंपनीतील द कास्तेल्जो यांनी १९५९ सालीच ती शोधली होती, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेषा मिळाली की क्षेत्रफळ सोपे. वेड्यावाकड्या शेताचे पट्टे पाडून आपण जसे मोजतो, तसेच येथे.

दुसरी रेषा जाडीची, आणि खरी मौज तिच्यातच. पर आडवा कापला तर पुढे वाटोळा, मागे निमुळता असा छेद दिसतो. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतच्या सरळ रेषेला शाळेतलाच शब्द लावतो, जीवा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही वर्तुळाच्या प्रकरणी तो आहे. अमेरिकेतील नाका या विमानविद्येच्या संस्थेने १९३३ साली पंखांच्या छेदांसाठी एक सूत्र प्रसिद्ध केले. जीवेच्या तीस टक्के अंतरावर जाडी सर्वांत अधिक, मग मागे हळूहळू उतार. पाणी आणि हवा दोन्ही वाहणारीच, म्हणून पंखाचे सूत्र परालाही चालते. मधला पर दोन्ही अंगांनी फुगीर. बाजूचे दोन आतून सपाट, बाहेरून फुगीर. हे न उमगल्यामुळे प्रथम माझ्या आज्ञावलीने दोन्ही डावेच पर काढून दिले. दोन डाव्या वहाणा घालून चालण्यासारखाच तो प्रकार!

जाडी कागदावर दाखवावयाची कशी? भूगोलाच्या तासाला डोंगराचे नकाशे शिकविताना समोच्च रेषा काढल्या होत्या, त्याच येथे उपयोगी पडल्या. पराचा नकाशा छापावा, प्लायवूडवर चिकटवावा, रेषारेषांनी घासत जावे. प्लायवूडचे थरही घासताना तशाच रेषा दाखवितात. छापखाना कागद लहानमोठा करून घात करतो, यास्तव नकाशाच्या तळाशी शंभर मिलिमीटरची पट्टी आखली. ती मोजून पाहावी आणि मगच करवत धरावी.

आता जे सांगावयाचे ते सांगतो. नाकाच्या सूत्रातील शेवटचा आकडा ०.१०१५ आहे. तो तसाच घेतला तर मागील कडेशी दोन्ही रेषा मिळत नाहीत, केसभर फट उरते. गणिताच्या मास्तरास फट खपत नाही. ०.१०३६ घेतला की रेषा नेमक्या एका बिंदूत मिळतात. ही दुरुस्ती पुस्तकांतही आहे. मी ती मोठ्या हौसेने केली. आजोबांच्या नकाशात कडेची जाडी शून्य आहे असे पाहून नातवाने आठ दिवस कानस व काचकागद चालवून ती शून्याजवळ नेली. पावसाळा सरल्यावर मांद्र्याच्या किनाऱ्यावर तो पडला, फळी उलटली आणि त्या कडेने त्याची मांडी कापली. कन्येचा फोन आला, “बाबा, नऊ टाके पडले. तुमच्या नकाशात काही चुकलं होतं का?”

गणित मी रात्रभर तपासले. ते बिनचूक होते. जुना आकडा ठेवला असता तरी अकरा सेंटिमीटरच्या परावर कड जेमतेम पाव मिलिमीटर जाड राहती; तीही धारच. सूत्र विमानाच्या पंखाचे होते, आणि पंखावर कोणी पोरगे आपटत नाही, हे मी ध्यानात घेतले नव्हते. तिला मी तसे सांगितले. ती काही बोलली नाही.

आता आज्ञावलीत दीड मिलिमीटरहून कमी कड स्वीकारलीच जात नाही, आणि टोके गोल होतात. नातवाची तक्रार अशी की जाड कडेमागे पाण्याचे भोवरे सुटून पर गुणगुणतो व फळी जड जाते. ती खोटी नाही. म्हणून एका अंगास थोडा उतार दिला. जहाजांच्या पंख्यांना असाच देतात. तरीही त्याने नवे तीन पर घासून झाल्यावर प्रथम टपालाने माझ्याकडे पाठवावे, अशी अट घातली आहे. गेल्या आठवड्यात ते आले. तिन्ही कडा मी माझ्या पोटरीवर दाबून ओढून पाहिल्या. दोन ठीक होते. उजव्याची कड कानसेने पुन्हा बोथट केली, आणि परवा पार्सल पणजीस रवाना केले.