'लेट' : एका इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला पहिल्या कांहीं महिन्यांतच जीं क्रियापदें भेटतात, त्यांत 'लेट' हें एक आहे. मराठींत 'जाऊं दे', 'बोलूं दे' या प्रयोगांत 'देणें' जें काम करतें, तेंच इंग्रजींत 'लेट' करतें. घरावर टांगलेली 'टु लेट'ची पाटीही त्याच कुळांतली. परंतु जुन्या ग्रंथांत हाच साधा शब्द सुशिक्षित वाचकालाही चकवितो. कारण तेथें त्याचा अर्थ कधीं कधीं नेमका उलटा, म्हणजे 'अडविणें' असा असतो.

मराठींत नारळ 'वाढविणें' म्हणजे फोडणें. तेथें अशुभ उच्चार टाळण्यासाठीं एकाच शब्दाला उलटा अर्थ दिला गेला. 'लेट'ची कथा निराळी आहे. प्राचीन इंग्रजींत दोन स्वतंत्र क्रियापदें होतीं : एकाचा अर्थ सोडणें, करूं देणें, दुसऱ्याचा अडविणें, विलंब लावणें. आपली गाडी 'लेट' होते, तो विलंबवाचक शब्द या दुसऱ्याचा जवळचा आप्त होय. प्रत्यय झिजत गेले आणि दोन्ही क्रियापदें एकाच रूपांत येऊन मिळालीं.

१४०० सालीं निवर्तलेल्या चॉसरच्या काळीं हीं रूपें अद्याप कांहींशीं वेगळीं होतीं. 'कँटरबरी टेल्स'मधील सरदार आपली कथा सांगतांना म्हणतो, की मंडळींपैकीं कोणाच्याही आड येण्याची त्याची इच्छा नाहीं. आणि लगेच पुढच्या ओळींत, प्रत्येकाला आपली कथा सांगूं द्या, असें सुचवितो. पहिल्या ओळींत अडविणारें क्रियापद आहे, दुसरींत मोकळीक देणारें.

शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो भेद मावळला होता. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशांत राजपुत्र पित्याच्या पिशाच्चामागें जाऊं पाहतो आणि मित्र त्याला धरून ठेवतात. जो कोणी आपल्याला 'लेट' करील त्याचेंही पिशाच्च करीन, अशी धमकी तो देतो. येथें 'जाऊं देईल' असा अर्थ घेतला, तर वाट मोकळी करून देणाऱ्यालाच मरणाची धमकी मिळते आणि प्रवेशाचा सगळा जोर नाहींसा होतो. त्याच प्रवेशांत थोडें आधीं हाच राजपुत्र रोजच्या अर्थानेंही हें क्रियापद वापरतो. आगरकरांनीं १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें हें नाटक मराठींत आणलें. तें मराठींत उतरविणाऱ्या कोणालाही या जागीं सावध राहावें लागतें.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांत तर निर्गमाच्या एकाच पांचव्या अध्यायांत दोन्ही अर्थ आहेत. आरंभीं मोशे व अहरोन फारोला सांगतात, की लोकांना जाऊं दे. त्यावर फारो विचारतो, की तुम्ही लोकांना कामापासून कां अडवितां? मागणींत 'लेट' आहे आणि प्रश्नांतही 'लेट'च. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पौलाच्या दुसऱ्या पत्रांत अधर्मी पुरुषाला तूर्त रोखून धरणाऱ्याविषयीं हेंच क्रियापद आलें आहे. तेथें अर्थ उलटला, तर रोखणारा मोकळीक देणारा ठरतो आणि धर्मोपदेशच फिरतो. म्हणून १८८१ सालीं नव्या कराराची सुधारलेली आवृत्ति निघाली, तेव्हां त्या जागीं 'रोखणें' या अर्थाचें निःसंदिग्ध क्रियापद घालण्यांत आलें.

एकाच रूपानें 'करूं देणें' आणि 'करूं न देणें' हीं दोन्ही कामें फार काळ चालणें कठीण होतें. अडविण्यासाठीं इंग्रजीपाशीं 'हिंडर', 'प्रिव्हेंट', 'स्टॉप' हे शब्द होतेच. त्यामुळें जुना 'लेट' मागें पडला. तरी तो सर्वस्वीं मेला नाहीं. टेनिसमध्यें सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला लागून योग्य चौकोनांत पडला, तर 'लेट' म्हणून ती पुन्हा करावी लागते. तो शब्द या अडथळ्याचाच मानतात. भारतीय पासपोर्टवरही राष्ट्रपतींच्या नांवानें विनंति असते, की धारकाला 'लेट' वा अडथळा न होतां जाऊं द्यावें. प्रवासाला निघालेला मनुष्य तो शब्द खिशांत घेऊन फिरतो.

अवघड शब्द आला म्हणजे वाचक थबकतो आणि कोश उघडतो. ओळखीचा शब्द त्याला थबकूं देत नाहीं, आणि खरा धोका तेथेंच असतो. जुना ग्रंथ वाचतांना वाक्याचा अर्थ प्रसंगाशीं जुळत नाहीं असें दिसलें, तर ग्रंथकाराला दोष देण्यापूर्वीं त्यांतील सर्वांत सोप्या शब्दाचा त्या काळचा अर्थ पाहून घ्यावा, हें उत्तम.