घरगुती बुद्धिबळयंत्रे आणि माणसे



१७७० साली केंपेलेन नावाच्या कारागिराने व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारा यांत्रिक तुर्क सादर केला. त्याने पुढे अनेकांवर मात केली. परंतु पटाखालच्या पेटाऱ्यात एक कसलेला खेळाडू दडून बसत असे. तेथे यंत्राच्या आड माणूस होता. आज माणसाच्या नावाआड यंत्र दडवणे सोपे झाले आहे.

संगणकाला बुद्धिबळ शिकविणारी आज्ञावली आता अनेक हौशी मंडळी घरी बसून रचतात. तिचे तत्त्व क्लॉड शॅनन यांनी १९५० साली विशद केले होते. प्याद्याचे मोल १, घोडा व उंट यांचे ३, हत्तीचे ५, वजिराचे ९ असे धरावयाचे आणि चाल, प्रतिचाल यांचा ठराविक खोलीपर्यंत हिशेब करावयाचा. ही खोली संपते तेथे यंत्राची दृष्टीही संपते. प्यादे मारल्याच्या लाभात ते गुंतते आणि पुढच्याच चालीला वजीर गमावते. असे दोष उघडे पडावेत म्हणून रचणाऱ्यास माणसांशी सामना हवा असतो. माणूस पट बंदिस्त करतो, वाट पाहतो, अनपेक्षित चाल करतो. त्यातून यंत्राचे उणेपण कळते.

ही अपेक्षा गैर नाही. अमेरिकेत रिचर्ड ग्रीनब्लाट यांची 'मॅक हॅक' ही आज्ञावली १९६७ साली माणसांच्या स्पर्धेत खेळली, ती उघडपणे. आंतरजालावरील 'लीचेस' या विनामूल्य स्थळानेही २०१८ पासून हाच मार्ग ठेवला आहे. यंत्राचे खाते निराळे असावे, त्यावर पूर्वी एकही डाव झालेला नसावा, आणि नावाला 'बॉट' ही खूण लागावी. ज्याला त्याच्याशी खेळावयाचे, त्याने समजून खेळावे.

ही खूण पुसली तर काय बिघडते? हरलेला खेळाडू डाव पुन्हा मांडून आपली चूक शोधतो. प्रतिपक्षाने येथे काय विचार केला असेल, असे तो स्वतःला विचारतो. तेथे विचार करणारे कोणी नव्हतेच, हे त्याला ठाऊक नसेल, तर त्याचे सारे श्रम फसवणुकीत जातात. शिवाय पुढच्या प्रत्येक प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याकडे तो संशयाने पाहू लागतो.

म्हणून यंत्र रचणाऱ्यांनी ते अवश्य पटावर बसवावे. मात्र समोर कोण बसले आहे, हे पहिल्या चालीपूर्वी सांगावे.