एलएल.एम.च्या प्रबंधाचा विषय निवडताना



एलएल.एम.ला प्रवेश मिळाला की प्रबंधाच्या विषयाचा प्रश्न येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हे विचारायला कोणी नसतं. मग आपण ‘भारतातील दलितांचे मानवी हक्क : एक अभ्यास’ असा विषय लिहून देतो. तो मंजूरही होतो. पण त्यात नेमकं शोधायचं काय, हे ठरलेलंच नसतं. शेवटी पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं पुन्हा उतरवली जातात.

म्हणून आधी प्रश्न ठरवा. एक उदाहरण देतो. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला तशी सूचना मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. ही सूचना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सांगितलं. आता प्रश्न असा : तुमच्या जिल्ह्यातल्या विशेष न्यायालयाच्या गेल्या वर्षीच्या जामीन-आदेशांत या सूचनेची नोंद दिसते का? ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जे आदेश आहेत ते फुकट वाचता येतात. ते वाचून नीट तक्ता केलात, तर तो उद्या पीडिताच्या वकिलालाही कामाला येईल.

दुसरी गोष्ट. ‘तुम्ही आरक्षणावरच करा,’ असं आपल्याला हमखास सुचवलं जातं. आवड असेल तर जरूर करा. पण बाबासाहेबांनी लंडनला डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलं होतं. करार, कर, जमीन हे कायदेही आपलेच आहेत. गटारांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला २०१३च्या कायद्याने बंदी आहे. अशा कामात मृत्यू झाला तर तीस लाखांची भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. मग तुमच्या नगरपालिकेने सफाईच्या ठेकेदाराशी केलेल्या करारात जबाबदारी कोणावर टाकली आहे? माहिती अधिकारात कराराची प्रत मागा. हा करार-कायद्याचा प्रबंध होईल. शीर्षकात ‘जात’ शब्द नसेल, पण गटारात कोण उतरतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मार्गदर्शकाकडे जाताना दोन वाक्यं लिहून न्या : माझा प्रश्न काय, आणि कागदपत्रं कुठे मिळतील. एवढं हातात असलं, की विषय बदला म्हणणाऱ्याला कारण सांगावं लागतं.

जय भीम.