पाळकसाहेब, बाकावर बसा

पाळकांविषयी बोलायचं म्हटलं की सगळे पुलपिटापासून सुरुवात करतात. मी शेवटच्या बाकापासून करणार आहे. खांबाआडचा बाक, जिथे उशिरा येणारे हळूच शिरतात. ज्या माणसाबद्दल मला आज बोलायचं आहे तो खरं तर तिथे बसलेला असायला हवा आणि बहुतेक वेळा नसतो. माझी तक्रार एवढीच आहे. रेडिओवर दहा मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा ती मी दोनतीनदा तरी सांगणार.

माणूस कोण? एक मंडळी सुटलेली आणि दुसरी अजून न मिळालेली, असा तरुण पाळक. जिथे बिशपसाहेबांच्या यादीवर बदल्या होतात तिथे ही वेळ सहसा येत नाही. एका बंगल्याची किल्ली दिली की दुसऱ्याची हातात पडते. पण आपल्याकडे स्वतंत्र मंडळ्या पुष्कळ, आणि त्या आपला पाळक आपण बोलावतात. बोलावतात तशा निरोपही देतात. कधी मुदत संपते, कधी पंच कमिटीत दोन तट पडतात, कधी नुसतंच अर्पण पुरत नाही. मग सेमिनरीतून बाहेर पडून जेमतेम चार-पाच वर्षं झालेला हा मुलगा बायको, कडेवरचं पोर आणि बिस्किटांच्या खोक्यांत भरलेली पुस्तकं घेऊन सासऱ्यांच्या पुढच्या खोलीत येऊन राहतो.

माझा सगळा संसार पाळकगृहांत झाला, म्हणून सांगते. शिक्षकाची नोकरी गेली तर घर राहतं. दुकान बुडालं तरी माणूस रविवारी आपल्याच देवळात जातो. पाळकाचं तसं नसतं. पगार, छप्पर आणि उपासनेची जागा, तिन्ही एकाच तारखेला जातात. गॅसचं कनेक्शन बदलायचं, पोराच्या बालवाडीचा दाखला काढायचा, आणि रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठे जायचं ते ठाऊक नाही म्हणून खुर्चीत बसून राहायचं. जुन्या मंडळीत जाणं बरं दिसत नाही. दुसरीकडे गेलं की दारातच सेक्रेटरी गाठतात, "सलाम पाळकसाहेब! मग, आता कुठे?" चांगल्या मनानं विचारतात हो. पण तोच प्रश्न दर रविवारी, दर दारात. शेवटी तो मुलगा घरीच उपासना करू लागतो आणि आपण म्हणतो, थंडावला.

आता माझा मुद्दा. नगर जिल्ह्यात राहणाऱ्याला कांद्याचं रोप समजावून सांगायला नको. गादीवाफ्यावर बी टाकतात, सहा-आठ आठवड्यांत रोप तयार होतं, मग ते उपटून जुड्या बांधतात. उपटलेलं रोप लावायच्या आधी आपण काय करतो? शेंड्याकडची एक तृतीयांश पात कापून टाकतो. नव्यानं शेती करणाऱ्याला ते बघवत नाही, हिरवीगार पात कशाला कापायची? पण मुळं तुटलेली असतात. त्यांना पाणी ओढता येत नाही आणि वर पात मात्र पूर्वीसारखंच पाणी मागते. ती कापली नाही तर रोप आपल्याच हिरवेपणानं सुकतं.

तरुण पाळकाची पात म्हणजे काय ते तुमच्या लक्षात आलंच असेल. 'साहेब' ही हाक. पहिल्या रांगेतली खुर्ची. लग्नात जेवणाच्या आधी प्रार्थनेला बोलावणं. हातात माइक. मंडळी सुटली की मुळं तुटतात, पण पात तशीच राहते, आणि तो मुलगा ती जगवायला धडपडतो. या गावी पाहुणा म्हणून संदेश, त्या गावी उपासनासभा, तिसरीकडे तरुणांचं शिबिर. एसटीनं जायचं, पाकीट घ्यायचं, परत यायचं. पाकिटाची गरज असते, मी नाही म्हणत नाही. पण पाहुण्या संदेशकाच्या पिशवीत चार-पाच संदेश असतात, घासून गुळगुळीत केलेले, आणि गावोगाव तेच. ऐकणारे दर वेळी नवे, म्हणून वाहवा दर वेळी ताजी. ज्यांना काल संदेश दिला त्यांच्या घरी आज आजारपण आहे, तिथे जायचं, ही जबाबदारीच नाही. असं वर्षभर चाललं तर माणूस बोलका होतो, पाळक राहत नाही.

म्हणून म्हणते, बाकावर बसा. आपणहून पात कापून घ्या आणि एका मंडळीत, एकाच, सलग काही महिने शेवटच्या बाकावर बसा.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. डीट्रिश बोनहोफर हे नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. हिटलरला विरोध केला म्हणून 1945 च्या एप्रिलमध्ये ज्यांना फाशी दिलं गेलं ते जर्मन पाळक. त्यांचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. मला त्यांचं चोविसावं वर्ष जास्त आवडतं. 1930 साली त्यांच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, डॉक्टरेट झाली होती, बार्सिलोनाच्या जर्मन मंडळीत उमेदवारीही झाली होती. पण दीक्षेला वय पंचवीस लागायचं. म्हणजे सगळं तयार आणि जागा नाही. आपल्याकडचा मुलगा असता तर वर्षभर सभा घेत फिरला असता. बोनहोफर न्यूयॉर्कला युनियन सेमिनरीत शिकायला गेले. तिथल्या मोठ्या, नामांकित चर्चेसमधले संदेश काही त्यांना रुचले नाहीत. मग एक कृष्णवर्णीय सहाध्यायी त्यांना हार्लेममध्ये घेऊन गेला, अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये. बर्लिनच्या प्राध्यापकाचा हा मुलगा महिनोन्‌महिने तिथे जात राहिला. पुलपिटावर नाही. लोकांत बसून ऐकायला आणि रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला. ज्यांना शहरातल्या हॉटेलांतही गोऱ्यांच्या शेजारी बसू देत नव्हते, त्या लोकांची गाणी त्यांनी तिथे ऐकली, त्यांच्या रेकॉर्डी बरोबर नेल्या. पुढे फिंकनवाल्डला, नाझींना न जुमानणाऱ्या मंडळीची सेमिनरी ते चालवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांना त्याच रेकॉर्डी लावून ऐकवल्या. 1931 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. त्यांचे मित्र सांगत की अमेरिकेहून परतलेला माणूस वेगळाच होता. ते वर्ष 'वाया' गेलेलं वर्ष होतं बरं का, आपल्या हिशेबानं.

   

तर बाक. बाकावरून काय दिसतं? आमच्या ओळखीतला एक तरुण पाळक असाच मध्ये अडकला होता. मी त्याला हट्टानं आमच्या मंडळीत मागे बसवलं. पहिले काही रविवार तो नुसता चुळबुळत होता. दुसऱ्याचा संदेश ऐकताना याच्या मनात आपला संदेश. मग हळूहळू त्याला दिसू लागलं. त्याच्या पुढच्या बाकावरच्या आजींनी उपासना-संगीताचं पुस्तक उलटं धरलेलं, गीत मात्र शब्दन्‌शब्द पाठ. खांबामागच्या स्पीकरची वायर सैल, म्हणून मागच्या तीन रांगांना संदेशाची शेवटची वाक्यं ऐकूच येत नाहीत, आणि पाळक नेमके शेवटी आवाज खाली आणतात. तान्ह्या मुलांच्या आया बाहेर ओट्यावर. वर्षानुवर्षं त्यांनी पूर्ण संदेश ऐकलेला नाही. आणि एक गृहस्थ अर्पणाच्या गीताला दर रविवारी बाहेर जातात. मंडळी म्हणायची, चिक्कू आहे. या मुलाची जागा दाराजवळ, म्हणून त्याला कळलं की त्यांच्याजवळ थैलीत टाकायला काही नसतं आणि थैली पुढे ढकलताना त्यांना लाज वाटते. पुलपिटावरून हे दिसत नाही हो. पुलपिटावरून दिसतं ते एवढंच, की कोणीतरी उठून गेलं.

त्या गृहस्थांच्या घरी तो मुलगा गेला. काय बोलला ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. पाळक म्हणून नव्हता गेला, शेजारच्या बाकावरचा म्हणून गेला होता.

आता थोडं मंडळ्यांना. पंच कमिटीचे सभासद ऐकत असतील तर आवाज जरा वाढवा. रोपानं पात कापून घ्यावी हे खरं, पण जुडी उन्हात टाकून ठेवायची नसते! बांधलेली जुडी दिवसच्या दिवस पडून राहिली की आतून तापते, पिवळी पडते. तुमची पाळक निवडायची पद्धत काय? अर्ज मागवता, परीक्षेचा संदेश ऐकता, मग वार्षिक सभेची वाट बघता, मग दुसऱ्याला ऐकता. या सगळ्यात त्या मुलाला एक पोस्टकार्ड नाही, एक फोन नाही. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. 'कळवतो' म्हणू नका. आणि संदेशाला बोलावलंत तर एसटीचं भाडं वेगळं द्या. पाकिटात भाडं घालून त्याला मानधन म्हणू नका.

आणि लावलं म्हणजे झालं असंही नाही. कांदा लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं पाणी देतो की नाही आपण? नवा पाळक आला की स्वागताला हार, जेवण, फोटो. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरात पीठ आहे का हे कोण बघतं? पहिला पगार महिन्यानं येतो आणि आधीचे सहा महिने उधारीवर गेलेले असतात.

एक कोरडी गोष्ट, पण सांगायला हवी. मंडळी सुटलेल्या पाळकाला मित्र म्हणतात, तू आता मोकळाच आहेस, आमचं लग्न लाव. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात कोणी लग्न लावावं ते ठरलेलं आहे. बिशपांच्या हातून दीक्षा झालेली नसेल तर सहसा सरकारी परवाना लागतो. मोकळा असलास तरी आधी कागद बघ, बाबा. मागाहून त्या जोडप्याला पासपोर्ट काढताना त्रास नको.

काचेपलीकडून बोटं दाखवताहेत, दोन मिनिटं राहिली म्हणून. आणि जिच्याबद्दल बोलायलाच हवं होतं ती तर राहिलीच. त्या मुलाची बायको. आपल्या मराठी मंडळीला तिचं दुःख कळत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून ठेवली आहेत. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला. तेव्हा ते तरुण नव्हते, पंचावन्न उलटलेले होते. साताऱ्याला जाऊन ख्रिस्ताच्या अनुयायांचा 'देवाचा दरबार' उभारायचा होता. आपण टिळकांच्या त्या धाडसाचं कौतुक करतो, करावंच. पण पगार सुटला तेव्हा चूल कोणाच्या पुढ्यात होती? तरी त्या बाईंनी हे सगळं हसवत लिहिलं. प्रत्येकीला तसं हसता येत नाही. आपला नवरा खुर्चीत बसून आहे, वडिलांच्या घरी आपण पाहुण्यासारख्या, आणि मंडळीतल्या बायका विचारताहेत, "मग, आता कुठे?" तिला तर बाकावर बसा असं सांगायचीही गरज नाही, ती कायमच बाकावर होती. तिला काय सांगायचं, ते मी...

बरं, थांबते. येत्या रविवारी तुमच्या देवळात मागे कोणी इस्त्रीचा शर्ट घालून एकटा बसलेला दिसला, तर "आता कुठे" हे विचारू नका. शेजारी बसा, गीताचं पान काढून द्या आणि उपासना संपल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला घरी जेवायला न्या. पोरालाही. आणि जेवायच्या आधीची प्रार्थना तुम्ही करा, त्याला सांगू नका.