‘ला’ कधी लावायचा?

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटरवर काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. मी बोलणार आहे द्वितीया विभक्तीवर. पण ती मला पुन्हा भेटली ती कॉम्प्युटरमध्येच, तेव्हा तक्रार करू नये.

विभक्तीचा तक्ता आठवतोय ना? ‘स, ला, ते, स, ला, ना, ते.’ तक्त्यावरून वाटतं, कर्म आलं की ‘ला’ आलाच. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ यात आंबा मोकळाच राहतो, आणि ‘रामाने रावणाला मारलं’ यात रावणाला ‘ला’ लागतो. पहिला कर्मणी प्रयोग, दुसरा भावे. मार्कांपुरतं आपण ते पाठ केलं. जगातल्या कितीतरी भाषा असंच करतात, काही कर्मांवर खूण करतात आणि काही तशीच सोडतात. गेओर्ग बोसाँग या जर्मन अभ्यासकाने १९८५ साली इराणी भाषांवरच्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलं, आणि त्यांनी दिलेलं नावच पुढे रूढ झालं. आपण त्याला ‘कर्माची निवडक खूण’ म्हणू. स्पॅनिशमध्ये घर पाहिलं तर काही लागत नाही, मारियाला पाहिलं तर आधी ‘आ’ लागतो. तुर्कीत ‘किताप ओकुदुम’ म्हणजे पुस्तकवाचन केलं, कुठलं का असेना. ‘किताबी ओकुदुम’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक वाचलं.

आता माझ्या पोटापाण्याचा भाग. सॉफ्टवेअरमध्ये वाक्यांचे साचे असतात. ‘अमुक काढून टाकलं’ असा साचा, आणि ‘अमुक’च्या जागी यंत्र शब्द भरतं. इंग्रजीत हे खपतं, कारण फाइल असो की माणूस, नामाचं रूप बदलत नाही. मराठीत ‘फाइल काढून टाकली’ ठीक आहे. पण दवाखान्याच्या नंबरांची यादी असेल आणि पडद्यावर ‘सुनीता काढून टाकले’ असं उमटलं तर? सुनीताचं गाठोडं झालं की हो! बरं, नुसता ‘ला’ चिकटवूनही भागत नाही. ‘घोडाला’ नाही, ‘घोड्याला’. ‘मुलगीला’ नाही, ‘मुलीला’. आणि समोर बसलेल्या बाईंना कोणी ‘बाईला’ म्हटलं तर आजही कान पिळला जाईल. म्हणजे यंत्राला सजीव-निर्जीव, सामान्यरूप आणि आदर, तिन्ही कळायला हवं. त्यावर आमच्या धंद्यातली नेहमीची पळवाट म्हणजे ‘यादीतून काढलेले नाव : सुनीता’. व्याकरणाला धरून आहे, पण वाचणाऱ्याला तलाठी कचेरीतली नोटीस वाटते. मग ती बाई वैतागून इंग्रजीचं बटण दाबते, आणि बैठकीत आम्हाला ऐकवलं जातं की मराठी कोणी वापरतच नाही. मला याचा राग येतो.

हाच साचा फिनलंडला नेला की निराळीच गंमत. फिनिश ही उरालिक कुळातली भाषा. एस्टोनियन आणि हंगेरियन तिच्या नात्यातल्या, आपल्या नात्यातली ती नव्हे. तिथे कर्म सजीव आहे का, हा मुख्य प्रश्न नसतो. काम पुरं झालं का, हे विचारतात. ‘अम्मुइन कारहुन’ म्हणजे अस्वलाला गोळी घातली, अस्वल मेलं. ‘अम्मुइन कारहुआ’ म्हणजे अस्वलावर गोळी झाडली, पुढचं सांगता येत नाही. क्रियापद तेच, फरक फक्त अस्वलाच्या शेपटीत! वाक्य नकारार्थी असेल तर दुसरंच रूप येतं, कारण काही घडलेलंच नसतं. आणि ‘राकास्तान सिनुआ’, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, यातही कायम हेच अपुऱ्या कामाचं रूप. (लग्नाला वीस-वीस वर्षं झालेल्यांनी एकमेकांकडे बघू नये.) हंगेरियन लोक कर्माला प्रत्यय लावतातच, वर क्रियापदही बदलतात. कुठलंसं पुस्तक वाचत असेन तर ‘ओल्वशोक’, ते ठरलेलं पुस्तक वाचत असेन तर ‘ओल्वशोम’.

हे सगळं वाचल्यावर मला आपलं बोलणं वेगळं ऐकू यायला लागलं. ‘डॉक्टर शोधतोय’ म्हणजे कोणीही चालेल. ‘डॉक्टरांना शोधतोय’ म्हणजे ते आत्ता कुठे गेले? आपल्या वयाच्या बायकांना आणखी एक जोडी चांगली ठाऊक आहे. ‘मुलगी बघायला आलेत’ आणि ‘मुलीला बघायला आलेत’. पहिल्या वाक्यात पोह्यांची बशी आहे. दुसऱ्यात मुलगी आजारी असेल, बाळंतीण असेल, पण ती कोणाची तरी ठरलेली मुलगी आहे. पूर्वी मी यावर तावातावाने म्हटलं असतं की बघा, भाषासुद्धा बाईला वस्तू करते. पण ‘मुलगा बघतोय’, ‘जावई शोधला’, ‘ड्रायव्हर ठेवला’ हेही आपण बिनदिक्कत म्हणतो. ‘ला’ गळतो तो जागा रिकामी असते म्हणून; तिथे अजून कोणी एक ठरलेलं नसतं. पोह्यांबद्दलचा माझा राग मात्र कायम आहे, तो व्याकरणाच्या खात्यात मांडू नये इतकंच.

जनावरांचं मला अजून नीट लागत नाही. ‘बैल विकला’ म्हणतात. पण दावणीला पंधरा वर्षं असलेला सर्जा असेल तर? ‘सर्जा विकला’ की ‘सर्ज्याला विकलं’? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला जरूर गाठा. वही आणली आहे.