किरणोपचाराची विद्या आणि आपली मुले

(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-सत्कार प्रसंगी केलेले भाषण)



सत्कारासाठी आलेल्या बहुतेक मुलांनी आम्हांस ‘डॉक्टर व्हावयाचे आहे’ असे सांगितले. कोणत्या शाखेचे, असे विचारता उत्तर आले नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्या वयात आम्हांसही शस्त्रक्रियेपलीकडे काही ठाऊक नव्हते. कर्करोगावरील किरणोपचारात आमची हयात गेली. त्याविषयी बोलताना थोडा पक्षपात होईल, तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा.

रंटगेन यांना 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला व क्यूरी दांपत्यास 1898 साली रेडियमचा. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली उघडले आणि 1962 साली ते अणुशक्ती विभागाकडे गेले. रुग्णालय आणि अणुशक्ती यांचे हे नाते पुष्कळांस चमत्कारिक वाटते; परंतु या विद्येचे मर्म तेच आहे. येथे वैद्य एकटा नसतो. मात्रा किती व कोठे द्यावयाची हे तो ठरवितो, ती तेथेच पोचावी असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ बसवितो, आणि तंत्रज्ञ रुग्णास रोज त्याच स्थितीत निजवितो. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात पुष्कळदा रोज 2 ग्रे याप्रमाणे 30 ते 35 बैठका होतात. निरोगी पेशींना मधल्या वेळात आपली डागडुजी करता यावी, हा त्यातील हेतू. (ज्या घरांत मिश्री व तंबाखू अजून आहे, त्यांनी हा आकडा ध्यानी ठेवावा.)

आता मुलांसाठी. अकरावीत जीवशास्त्र घेताच गणित सोडण्याची घाई होते, ती करू नये. कोबाल्टच्या यंत्रातील स्रोताची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णास दुप्पट वेळ यंत्राखाली ठेवावे लागते. हा हिशेब ज्यास गोड वाटेल, त्यास ही शाखाही गोड वाटेल. शिवाय ‘नीट’मध्ये 720 पैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे असतात. वैद्यकास जागा न मिळाल्यास गणित-भौतिकाचा पदवीधर पुढे एम.एस्सी. करून किरणभौतिकीकडे वळू शकतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याचसाठी आहे. दार एकच नाही, हे पालकांनी समजून घ्यावे.

वैद्याची वाट लांब आहे. एम.बी.बी.एस. उमेदवारीसह साडेपाच वर्षे, मग पुन्हा प्रवेश परीक्षा, मग एम.डी.ची तीन. कोठेही वर्ष न गमावता मुलगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. आपला शिष्यवृत्ती निधी मात्र पहिल्या पदवीपाशी थांबतो. म्हणजे घरची शिल्लक संपते, नेमका तेव्हाच आपण हात आखडता घेतो. कार्यकारिणीने हा नियम बदलावा, अशी आमची जाहीर मागणी आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांस जड जाते. आमच्याच एका भाचीस ही शाखा मिळत होती. ‘किरणांत काम करणाऱ्या मुलीशी लग्न कोण करील?’ असे घरात निघाले आणि तिने जागा सोडली. त्या बैठकीस आम्ही हजर होतो. खरे काय ते आम्हांस ठाऊक होते, तरी वडीलधाऱ्यांपुढे आम्ही गप्प राहिलो. आरंभीच्या काळी ती भीती खोटी नव्हती. कित्येक संशोधकांची बोटे भाजली, आणि मादाम क्यूरी 1934 साली ज्या रक्तविकाराने गेल्या, त्याचा संबंध किरणांशीच जोडला जातो. परंतु आज यंत्र जाड काँक्रीटच्या भिंतींआड असते, किरण चालू असता आत फक्त रुग्ण असतो, आणि प्रत्येकाच्या छातीवरील बिल्ला वेळोवेळी तपासला जातो. कामगारास वर्षाला सरासरी 20 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि मूल होऊ घातलेल्या स्त्रीसाठी नियम याहून पुष्कळ कडक आहेत. भाची आज दुसऱ्या शाखेत सुखी आहे. आमच्याशी ती त्याविषयी कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

उद्या सकाळी दहा वाजल्यापासून आम्ही संस्थेच्या कार्यालयात बसणार आहोत. ज्यांना या वाटेविषयी विचारावयाचे आहे, त्यांनी गुणपत्रिका घेऊन यावे. मुलींनी आईला बरोबर आणावे, म्हणजे जे बोलावयाचे ते तिच्यासमोरच होईल.